हुरड्याची पकड

मित्रांनो, मी म्हणजे एक जुनं लाटणं, आणि तेही अर्धंच. हसायचं तर हसून घ्या. माझ्या अंगावर बारीक ओरखडे आहेत. ते कुणाचे, हे सांगायलाच आज बसलोय.

लोह्याच्या शिवारात बांधावर एक बाभूळ होती. तिची मी फांदी. पोपट येऊन माझ्यावर झुलायचे, एवढंच आता आठवतं, तेही झोपेत आठवल्यासारखं. पुढे सुताराने तासलं आणि मी अहमदपूरला बुद्धप्रियाताईंच्या स्वयंपाकघरात आलो. रोजच्या भाकरी त्या हातावर थापायच्या. पण पाहुणे आले की पुरणपोळी माझ्याशिवाय झाली नाही, हे ध्यानात ठेवा. एकदा हातोडा सापडेना, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, आनंदराजने, मलाच घेऊन भिंतीत खिळा ठोकला. शहाणा माणूस. मी एका बाजूने चिरलो आणि फळीवर डब्यांच्या मागे जाऊन पडलो.

मग त्यांची विशाखा पाचवीत असताना घरात एक लव्हबर्ड आला. अंगाने पोपटी, मानेला पिवळसर, म्हणून नाव ठेवलं हुरडा. पिंजऱ्यातल्या प्लास्टिकच्या दांडीवरून त्याचे पाय घसरायचे. आनंदराजने माझा चिरलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या मला पिंजऱ्यात आडवं बसवलं.

हुरडा पहिल्यांदा बसला तेव्हा मी दचकलो. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि पकड अशी घट्ट की अंगावर नखांचे ओरखडे उठले आणि मला बांधावरचं वारं लागल्यासारखं झालं. दुपारी खिडकीतून ऊन यायचं. तो एका पायावर डुलक्या घ्यायचा, चोच चोचीवर घासत काहीतरी पुटपुटायचा. त्याच्याबरोबर मीही पेंगायचो. पेंगता पेंगता मला पानं फुटायची.

विशाखाचं एकच वेड होतं, हुरड्याने तिच्या हातावर बसावं. रोज शाळेतून आली की ज्वारीचे दाणे घेऊन हात आत धरायची. तीन महिने तो काही आला नाही. मला त्याचा जरा आनंदच व्हायचा, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी त्याची डावी पकड ढिली लागली. दुपारपर्यंत तो पोट टेकून माझ्यावर बसला. त्याचं अंग थरथरत होतं. मला सगळं कळत होतं, मित्रांनो, पण लाकडाने सांगायचं कसं?

संध्याकाळी विशाखाने हात आत घातला आणि हुरडा मुकाट्याने तिच्या तळव्यावर गेला. पोरीचा आनंद घरात मावेना. तिने त्याला तळव्यावर घेऊनच गृहपाठ केला, दुसऱ्या हाताने. "बघ की आई, लई गुमान बसून राहिला," असं चारदा तरी म्हणाली.

सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. आनंदराज त्याला बुटाच्या खोक्यात घालून दवाखान्यात घेऊन गेला, विशाखा गाडीवर मागे बसून. डॉक्टरांनी थेंब पाजले आणि सांगितलं, पाखरू आजार लपवतं. एकाएकी गरीब झालं की समजायचं दुखणं फार पुढे गेलंय. दुपारी खोक्यातच हुरडा गेला. कढीपत्त्याच्या झाडाखाली त्याला पुरलं.

त्यानंतर विशाखा तो तळवा सारखा धुवायची. तो हात कुणाला धरू देईना. शाळेतही मूठ मिटूनच बसते, असं बाई सांगायच्या.

एका रविवारी पिंजरा शेजारच्या सरजाबाईंना द्यायचं ठरलं. बुद्धप्रियाताईंनी मला बाहेर ओढलं आणि विशाखा तिथंच रडायला लागली.

"मी धरून ठेवला म्हणून गेला तो. आजारी होता, अन् मी नाचत होते."

ताई मला हातात घेऊनच खाली बसल्या. "त्या सकाळी तो फुगून बसलेला मी बी बघितला होता गं. थंडी असंल म्हणून फडकं टाकलं अन् कामाला लागले."

आनंदराज दारात उभा होता. तो आत येऊन खाली टेकला. मग म्हणाला, "त्याच सकाळी पिंजऱ्यातला खालचा कागद मी बदलला होता. हिरवी, पातळ घाण होती. ड्युटीवर जायची घाई होती, बोललो न्हाई."

"मग संध्याकाळी तरी का नाही सांगितलं?"

"तुला एवढा आनंद झालता," ताई म्हणाल्या. "आमच्या तोंडातून निघालंच न्हाई."

तिघंही रडले. बऱ्याच वेळाने विशाखाने विचारलं, "मग शेवटी माझ्याकडं का आला तो?"

"त्याला थंडी वाजत असंल. तुझा हात ऊन होता," ताई म्हणाल्या.

ते खरं होतं. माझ्याकडे ऊब नव्हती. उभा जन्म लाकूड असल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं, आणि तो तिच्याकडे गेला याचं बरंही वाटलं.

मित्रांनो, घरातल्या मुक्या जिवाचं काही वेगळं दिसलं तर ते लगेच एकमेकांना सांगा. आनंदाच्या वेळीसुद्धा सांगा. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे. आणि सांगायचं राहून गेलंच, तर एकट्याने हात धूत बसू नका.

पिंजरा सरजाबाईंकडे गेला. मला मात्र विशाखाने ठेवून घेतलं. तिने मिटलेली मूठ उघडली, माझ्यावरच्या ओरखड्यांवर एकेक बोट ठेवलं, दोन पुढे, दोन मागे, आणि मला धरलं. पकड घट्ट होती.