एकोणिसाव्या प्रकरणातली तोतया

आमच्या वहिनीशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं. म्हणजे तिच्या लग्नानंतर. माझं अजून व्हायचंय आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. वहिनीला जन्मापासून दिसत नाही. तरी घरात कात्री कुठे आहे ते फक्त तिलाच ठाऊक असतं, आणि आम्ही डोळे असलेली मंडळी खण उपसत बसतो.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला आहोत, ब्रेल छापखान्यात. ती मुद्रितं तपासते आणि मी तिची जोडीदार. ती कच्च्या प्रतीवरून बोटं फिरवत मोठ्यानं वाचते, मी छापील पुस्तक समोर धरून शब्द न् शब्द जुळतोय का ते बघते. जुळलं की टेबलावर पेन्सिल एकदा टेकवायची, चुकलं की दोनदा. मी हे सहा वर्षं करतेय, ती चौदा. तपासणीच्या कागदावर तिची सही पडल्याशिवाय एकही पुस्तक छापखान्याबाहेर जात नाही.

भिंतीवर साहेबांनी एक पाटी लावली आहे: ‘मुळात जसं आहे तसंच.’ पूर्वी इथे एक बाई होत्या. गोष्टीतला कुत्रा मरतो हे त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी परस्पर त्याला जगवलं, आणि पुढच्याच भागात त्याची समाधी निघाली. तेव्हापासून ही पाटी. वहिनी त्या पाटीची साहेबांपेक्षाही कट्टर. माझ्या हातून एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर दिवसभर ऐकवते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे ते पुस्तक आलं. चाळीस वर्षं मुलं ते वाचत आली आहेत. मी स्वतः तीनदा वाचलंय, एकदा तर गणिताच्या वहीत लपवून. ब्रेलमध्ये मात्र ते पहिल्यांदाच निघत होतं. राजा मरतो आणि त्याचा सख्खा भाऊ गादी बळकावतो. तान्ह्या राजकन्येला तिची दाई एका पिठाच्या गिरणीत लपवते. मुलीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग असतो, हे फक्त दाईला माहीत. बारा वर्षांनी मुलगी हक्क मागायला निघते, तेव्हा काका तिच्यासारखी दिसणारी एक तोतया उभी करतो. डागाची कुणकुण त्याला लागलेली असते, पण हात कुठला ते कळलेलं नसतं, आणि तोतयाचं उजवं मनगट डागलं जातं. शेवटी भर दरबारात दोघी समोरासमोर उभ्या राहतात. दाई आता म्हातारी आणि आंधळी झालेली. ती दोघींची मनगटं चाचपते आणि खरी राणी कोण ते सांगते.

वहिनीला ही दाई फार आवडली. “पुस्तकांतली आंधळी माणसं एक तर भीक मागतात, नाहीतर भविष्य सांगतात,” ती म्हणाली. “ही बाई काम करते.”

एकोणिसावं प्रकरण आम्ही मंगळवारी सकाळी घेतलं. वहिनीनं वाचलं, “दाईनं तिच्या उजव्या मनगटावरून बोटं फिरवली. मग ती गुडघे टेकून म्हणाली, हीच माझी राणी.”

मी पेन्सिल एकदा टेकवली. वहिनीचं बोट हललं नाही.

“पुन्हा बघ.”

“उजव्या. जुळतंय की.”

“मग दाईनं तोतयाला राणी केलं.”

मला हसू आलं, आणि मग माझी नजर समोरच्या पानावर गेली. तिथे मोठं रंगीत चित्र होतं: गुडघे टेकलेली म्हातारी आणि तिच्या हातात मुलीचं डावं मनगट. तिन्ही वाचनांत मला हे चित्रच आठवत राहिलं होतं. त्याच्या शेजारी शब्द काय आहे याकडे मी बघितलंच नव्हतं, आणि चाळीस वर्षांत कुणीच बघितलं नसावं. मला स्वतःची लाज वाटली. जुळवून बघणं हे माझं काम, आणि मी चूक चुकीशी जुळवून मोकळी झाले होते.

साहेबांनी आमचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण पुस्तकांची मोटार शनिवारी निघणार म्हटलं की त्यांना शनिवारशिवाय काही दिसत नाही. पुस्तक अंधशाळांना जायचं होतं आणि शाळांना तसं कळवूनही झालं होतं.

“बाई, मुळात उजव्या आहे ना? मग नियम तुम्हीच सांगा.”

“नियम आहे म्हणूनच मी हात लावला नाही. लेखिकाबाईंना विचारा.”

“ऐंशी वर्षांच्या बाईंना फोन करून सांगू, तुमचं चुकलंय? एवढ्या मोठ्या पुस्तकात एक शब्द. सही करून टाका.”

“नाही करणार.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमची नेमणूक दरवर्षी नवी करावी लागते. यंदाचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय. काम अडवलं म्हणून वर तक्रार गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाली.

माझं तोंड उघडणार होतं. वहिनीनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला, आणि तिचा नेम चुकत नाही.

“साहेब, आमची पोरं आवडलेली ओळ चार-चार वेळा वाचतात,” ती शांतपणे म्हणाली. “त्यांना चित्र नाही, नुसता शब्द आहे. डाव्याचा उजवा झाला हे त्यांना कळणारच. ती काय म्हणतील, छपाई चुकली? मुळीच नाही. म्हणतील, दाई चुकली. बिचारीला दिसत नव्हतं ना. एवढ्यासाठी मी सही करणार नाही. पत्राचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. मग त्यांनी प्रकाशकाकडून नंबर मागवला आणि आमच्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

लेखिकाबाई स्वतःच फोनवर आल्या. आवाज ठणठणीत. साहेब दोन वाक्यांत चार वेळा ‘क्षमा असावी’ म्हणाले.

“मी डावंच लिहिलंय,” बाई फटकन म्हणाल्या. “मला माझी राणी माहीत आहे.”

“पान दोनशे चार,” वहिनी म्हणाली. “वरून सहावी ओळ.”

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. कपाट उघडलं, पानं उलटली. मी वहिनीकडे बघत होते. तिचे दोन्ही हात मांडीवर गच्च दाबलेले होते, आणि तिलाही भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

“कुणाला सापडलं हे?” बाईंचा आवाज आला.

“आमच्या बाईंना,” साहेब म्हणाले. “त्या बोटांनी वाचतात.”

“म्हणजे चाळीस वर्षं माझ्या गादीवर तोतया बसलीय?”

“छापील पुस्तकात बसलीय,” वहिनी म्हणाली. “आमच्याकडे अजून नाही.”

पलीकडे बाई हसल्या, ठसका लागेपर्यंत. “बसू देऊ नका. लेखी आजच पाठवते. आणि छापीलवाल्यांना सांगते, पुढची आवृत्ती या बाईंच्या प्रतीवरून सुधारून घ्या.”

आजवर आम्ही छापीलवरून ब्रेल करत आलो. ब्रेलवरून छापील सुधारल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. साहेबांनी नेमणुकीचं पत्र पुढे ओढलं, उभ्या उभ्या सही केली आणि वहिनीच्या हातात दिलं.

दुपारी लेखी संमती आली. ज्या पत्र्यावरून कागद उठतात, तोच दुरुस्त करायचा होता. उजव्याचं डाव्या करायला ब्रेलमध्ये फार काही लागत नाही: दोन टिंबं ठोकून सपाट करायची आणि तीन नवी उठवायची. कारागीर हत्यार घेऊन पुढे आला, पण वहिनीनं हात पुढे केला आणि त्यानं हत्यार दिलं. दोन सपाट केली. तीन उठवली. मग तिनं पत्र्यावर पहिला कागद दाबून घेतला, त्यावर बोट ठेवलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं, “दाईनं तिच्या डाव्या मनगटावरून बोटं फिरवली. मग ती गुडघे टेकून म्हणाली, हीच माझी राणी.”

यंत्राजवळच्या स्टुलावर साहेब बसले होते, ते उठून उभे राहिले. राणीसाठी की वहिनीसाठी, ते मी विचारलं नाही. मीही उभी राहिले.