सुतकातली मतपेटी

तुम्ही राज्यकर्त्यांनी सुतकात मतपेटी मांडलीत. महासाथीनं वाडीवाडीतून माणसं उचलली, मढी पिशवीत बांधून पुरली, बायांना तोंडसुद्धा बघू दिलं नाही. कनाकांचे, म्हणजे बेटावरच्या मूळ लोकांचे, जाणते म्हणाले, आमच्यात वर्षभर दुखवटा आहे, दुखवट्यात आम्ही देशाचा निवाडा करत नाही, स्वातंत्र्याचं सार्वमत पुढं ढकला. तुम्ही म्हणालात, तारीख म्हणजे तारीख. समुद्रापलीकडे बसून तारीख ठरवायला काय जातं? त्या तारखेनं न्यू कॅलेडोनियातल्या एका कुंपणाचं काय केलं, ते ऐका आता.

कुंपणाच्या अलीकडे ओडील. गोऱ्यांची चौथी पिढी, गुरं पाळून पोट भरणारी, जिभेची तिखट. पलीकडे यूफ्राझी, कनाक. आधीच्या दोन्ही सार्वमतांना दोघी ओडीलच्याच गाडीतून गेल्या. स्वातंत्र्याला यूफ्राझीनं ‘हो’ म्हटलं, ओडीलनं ‘नाही’.

“तुझं मत खाल्लं बघ मी,” ओडील परतताना खिजवायची.

“खा. पेट्रोल तर तुझंच जळलं ना, बये!”

मग यूफ्राझीच्या अंगणात, केळीच्या पानांत भाजलेली कोनफळं दोघी मिळून खायच्या.

सप्टेंबरात यूफ्राझीचा नवरा मातियास गेला. ह्याच मातियासनं एकदा पुरात उडी घालून ओडीलची गाय काढली होती. ओडील कनाकांच्या रीतीप्रमाणे गेली, चटईवर कापड ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाली, “तुमचं सुतक ते माझं सुतक.” मातियासच्या थोरल्या भावानं कापड उचललं. उचललं की शब्द बांधला गेला. तिथं कागद लागत नाही. ओडीलला हे पक्कं ठाऊक होतं. मतदानाचा दिवस तेवढा तेव्हा तिच्या डोक्यात नव्हता.

डिसेंबरात मतदानाचा रविवार उजाडला आणि तिचा भाऊ रेझीस फाटकाशी गाडी लावून भोंगा वाजवायला लागला.

“चल ताई! आज त्यांच्यातलं चिटपाखरू येणार नाही. जिंकलोच आपण.”

“मग माझ्या एका मतावाचून काय अडलंय?”

“कोण कुणाचं, हे गाव बघणार आहे आज. नाही आलीस, तर उद्यापासून तुझी गुरं माझ्या ओढ्यावर नकोत.”

ओढा एकच होता, तोही त्याच्या हद्दीत. ओडील कुंपणाशी गेली. पलीकडे यूफ्राझी कोनफळं सोलत बसली होती.

“मी जातेय.”

“जा की. पाय तुझे आहेत.”

“तो पाणी तोडेल गं माझं.”

“ऐकलं. गुरांनीसुद्धा ऐकलं असेल, एवढा बोंबलतोय तो.” यूफ्राझी उठली, घरात गेली आणि ते कापड घेऊन आली. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिनं ते कुंपणावर ठेवलं. “पण हे घेऊन जा. कापड माझ्या घरात आणि तू त्या पेटीशी, हे नाही चालायचं.”

भोंगा पुन्हा वाजला.

“माझं मत ‘नाही’च आहे,” ओडीलचा आवाज चिरकला. “मरेपर्यंत ‘नाही’च राहणार.”

“मग? मी बदल म्हटलं का?”

ओडीलनं दोन्ही हातांनी कापड परत यूफ्राझीकडे सरकवलं आणि गाडीत जाऊन बसली.

“शहाणी माझी ताई,” रेझीस म्हणाला.

मतदान होतं त्या शाळेच्या दाराशी बंदूकवाले पोलीस उभे होते. आत गोऱ्यांचीच रांग. समुद्रापलीकडून आलेल्या साहेबानं ओडीलसमोर ‘हो’-‘नाही’च्या चिठ्ठ्या आणि पाकीट सरकवलं. तिनं हात लावला नाही.

“घे ना,” मागून रेझीस दातओठ खात पुटपुटला. “ताई, पाणी विसरलीस का?”

“तोड पाणी.”

ओडील टेबलावर वाकली.

“साहेब, मी तुमच्याच बाजूची. दोनदा ‘नाही’ म्हणून गेलेय, ताठ मानेनं. आजही तेच म्हणायचं होतं. पण समोरून ‘हो’ म्हणणारी बाई घरात सुतकात बसलीय. तिच्यामागं दिलेला माझा ‘नाही’ म्हणजे चोरी. ती तुम्ही माझ्या हातून करवून घेताय.”

साहेबानं घड्याळाकडे बघितलं.

“घड्याळात काय बघता? माझ्याकडे बघा. तुमच्या घरात मढं असतं, तर मांडली असतीत ही पेटी? बोला!”