खालच्या कुरणाचं फाटक

घोड्यांच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, हे आमच्या फ्योर्डच्या, डोंगरांत घुसलेल्या या खाडीच्या, दोन्ही काठांना ठाऊक आहे. पोटच्या मुलीचंही मी ऐकलं नाही. तेव्हा आता सांगायचं तर सगळंच सांगतो.

इंगुन, माझी मुलगी, सकाळी शाळेची बस चालवते आणि उरलेला सगळा दिवस घोड्यांत असते. नांगराला जुंपायचे बुटके, जाडजूड फ्योर्ड घोडे आता कुणाला हवेत, म्हणायची. तिला स्वारीच्या स्पर्धेत उतरेल असा घोडा हवा होता, लांब पायांचा आणि हलक्या चालीचा. दहा वर्षं जोड्या जुळवल्यावर फाल्क झाला. घोडी त्याला जन्म देतानाच गेली. इंगुननं तबेल्यात गादी टाकली आणि दर दोन तासांनी बाटलीनं दूध पाजून ते शिंगरू जगवलं. 

तीन वर्षांच्या नरांना मे महिन्यात आइद गावच्या घोड्यांच्या प्रदर्शनात पंच तपासतात. पसंत पडला तर घोडा बाप होतो, नाही तर खच्ची. फाल्क यंदा तीन वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या वंशातला दुसरा नर आमच्याकडे नव्हता.

"बाबा, त्याला सुकं गवत, तेही तोलून," तिनं मार्चमध्येच बजावलं. "आणि रोज रस्त्यावर दुडकी. फासळी हाताला लागली पाहिजे."

"फासळी? पंच काय सापळा बघायला येतात?"

"पंच आता चाल बघतात, पोट नाही. तुझा जमाना गेला, म्हाताऱ्या!"

ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

त्यात शेजारचा यॉस्टाइन कुंपणावर रेलून म्हणाला, "काय रे ओड्वार, घोडा आहे की वाळत घातलेला मासा? आइदला नेऊन नाक कापून घेणार आहेस का?" यॉस्टाइनचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचं असतं. मी ते मनाला लावून घेतलं.

पाण्याच्या काठाचं आमचं खालचं कुरण बर्फातून सगळ्यात आधी मोकळं होतं. एप्रिलअखेर तिथं बोटभर लुसलुशीत गवत होतं. कोवळं गवत फ्योर्ड घोड्याला सोसत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. डोंगरावरच्या काड्या खाऊन जगणारी ही जात. कोवळ्या गवतातली साखर थेट खुरांत उतरते, खूर आतून सुजतात. रात्री दंव गोठलं असेल तर सकाळचं गवत आणखी गोड, आणखी वाईट. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण माझे वडील प्रदर्शनाआधी घोडा असाच चारून गुटगुटीत करायचे आणि त्यांचा एकही घोडा कधी लंगडला नव्हता. त्यांचे घोडे दिवसभर नांगर ओढायचे, हे मी सोयीस्करपणे विसरलो.

इंगुनची बस वळणाआड गेली की मी फाटक उघडायचो. तास-दीड तास फाल्क चरायचा. दहा दिवसांत त्याची मान भरली, पाठ गोल झाली. मी स्वतःवर खूश होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच?

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी इंगुननं त्याची आयाळ कापली. पांढऱ्या कडा खाली, मधली काळी पट्टी वर, चंद्रकोरीसारखी. फाल्क सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"हा नीट उभा राहत नाहीये, बाबा."

"जवान घोडा आहे. जायची घाई झालीय त्याला."

"पळवणं बंद करते. डांबरानं पाय दुखत असतील."

पुढच्या दोन्ही सकाळी मी पुन्हा फाटक उघडलं. आता थांबलो तर भरलेलं अंग उतरेल, एवढीच मला काळजी.

निघायच्या सकाळी तो तबेल्याबाहेर येईना. पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागे टाकून उभा. अंग घामानं भिजलेलं. खुरांना हात लावला तर चटका बसला.

तुरीड, आमची घोड्यांची डॉक्टर, आली. खुरांचे एक्स-रे काढून तिनं पडद्यावर पाहिले.

"पुढच्या दोन्ही खुरांतलं हाड फिरलंय. डावीकडचं तळवा फोडून बाहेर यायच्या बेतात आहे. कोवळं गवत खाल्लंय का यानं?"

इंगुननं माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

"वाचेल?" इंगुननं विचारलं.

"जगवला तरी प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर. नको, इंगुन."

तिनं त्याचं डोकं धरलं, तुरीडनं शेवटची सुई दिली. एवढा घोडा आधी गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. मी भिंतीला टेकून उभा होतो. जमीन मला का गिळत नाही, असं झालं होतं.

तुरीडची गाडी गेल्यावर मी म्हणालो, "इंगुन, मी खोटं बोललो. खालच्या कुरणात मीच..."

"माहितीये." ती त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. "पहिल्याच आठवड्यात चिखलात खुरांचे ठसे दिसले होते."

"मग बोलली का नाहीस? मला अडवलं का नाहीस?"

"म्हटलं, बाबा करतोय म्हणजे विचार करूनच करत असेल," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल."