पेटीची चावी

नगरजवळच्या माळावर ग्लायडर उडवणाऱ्या मंडळींचा एक रिवाज होता. उंची नोंदवणाऱ्या पेटीतल्या, कागद फिरवणाऱ्या घड्याळाला उडणाऱ्यानं स्वतः चावी द्यायची नाही. दुसऱ्यानं द्यायची, वर लाखेची मोहोर लावायची, मग पेटी पायलटच्या सीटमागं ठेवायची. घड्याळ चालतंय का, हे पेटी कानाला लावून कुणी ऐकत नसे. तो चावी देणाऱ्याचा अपमान समजला जाई.

दाऊद मोटार मेकॅनिक, सूर्यभान नागापूरच्या कारखान्यात फिटर. दोघं एका ताटात जेवणारे. पण देशभरच्या मेळाव्याला क्लबातून एकालाच पाठवायचं होतं, आणि ज्याची पेटी आधी हजार मीटरची चढण दाखवील, तो जाणार होता.

एकाहत्तरच्या चैत्रातला रविवार. आभाळ धुळीनं असं मळलेलं, की बाकीचे लिंबाखाली पत्ते कुटत बसले.

"आज कशाची हवा न् कशाचं काय," सूर्यभान दाऊदला म्हणाला. "गेला तसा खाली येशील. पर जा, चावी दिलीय मी."

जमिनीवरच्या विंच यंत्रानं दोरानं ओढून ग्लायडर वर सोडलं, आणि दाऊदला टेकडीवर दोन घारी पंख न हलवता चढताना दिसल्या. तो त्यांच्याखाली शिरला. हवेनं त्याला लेकरासारखं उचललं. घारी खाली राहिल्या, भुईकोट किल्ला भाकरीएवढा झाला, आणि समोरचा उंचीचा काटा हजाराच्या केव्हाच पुढं गेला. थंडीनं बोटं वळेनात, तरी हा गडी एकटाच हसत होता. असा दिवस नशिबात लिहिलेला असावा लागतो.

उतरल्यावर सगळ्यांसमोर मोहोर फोडली. काजळी धरलेल्या कागदावर नुसती एक उभी रेघ होती. घड्याळ चाललं नव्हतं, म्हणून कागद फिरलाच नव्हता. चढण मोजायची दोर सुटल्यापासून; तो कुठं सुटला न् हवा कुठं लागली, काही कळेना. चढण बाद झाली.

सूर्यभाननं कपाळाला हात लावला. "दिली असंच वाटलं रे. कसा इसरलो, कळंना."

दाऊदनं गिळलं. माणूस आहे, विसरतो, असं मनाला बजावत त्यानं आठवडा काढला.

पुढच्या रविवारी सूर्यभानची पाळी, आणि रिवाजाप्रमाणं चावी द्यायला दाऊद. त्यानं पुरती चावी दिली, मोहोर लावली, पेटी दोस्ताच्या हातात ठेवली.

सूर्यभाननं इकडंतिकडं बघितलं आणि पेटी हळूच कानाला लावली.

दाऊदनं ते बघितलं. जो खरंच विसरला, त्याला दुसऱ्याच्या चावीचं भ्या कशाला वाटेल? ज्याच्या मांडीवर विश्वासानं मान टाकली, त्यानंच केसानं गळा कापला होता. आता शंकेलासुद्धा जागा उरली नव्हती.

"ऐकलंस न्हवं?" दाऊद म्हणाला. "मी दिलीय चावी."

सूर्यभान खाली मान घालून पेटी सीटमागं ठेवू लागला. दाऊद जमिनीला टेकलेल्या पंखाच्या टोकाशी गेला आणि सूर्यभानला उडता यावं म्हणून त्यानं तो उचलून धरला.