कडी आणि बिजागरी एकाच बाजूला

संस्थेतली मुलं मला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझे कान चांगले तिखट आहेत. मी संगणकावरची चित्रकला शिकवते आणि दर सोमवारी वर्गातला एकेक संगणक उघडून बघते, कुणी चोरीचं सॉफ्टवेअर टाकलंय का. सापडलं की तिथल्या तिथे उडवते, मग दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा का असेना.

याला कारण आहे. मी दहा वर्षं एका गेम कंपनीत चित्रं काढली. भिंतीवरची ओल खरी वाटेपर्यंत डोळ्यांच्या खाचा करून घेतल्या. असलं काम कुणी फुकटात उचलून नेलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वर्गात यावरून माझ्याशी वाद घालायची हिंमत एकटीचीच. केसांना कंगवा ठाऊक नसलेली ही मुलगी. मी तिला झिपरी म्हणते आणि तिला ते चालतं.

"मॅडम, एका गेमची किंमत म्हणजे माझं महिन्याचं खोलीभाडं," ती एकदा भर तासाला म्हणाली.

"मग खेळू नकोस. परवडत नाही म्हणून तू सोनाराच्या दुकानात हात घालतेस का?"

"सोनाराचा दागिना मी नेला तर त्याच्याकडे उरत नाही. गेम त्यांच्याकडे तशीच राहते की."

"आणि जिने रात्रंदिवस बसून चित्रं काढली तिचं काय?"

"तेच विचारतेय मी. मी पूर्ण किंमत मोजून घेतली तर तुम्हाला त्यातलं काय मिळतं?"

मला काय मिळतं याचं उत्तर शून्य होतं, म्हणून मी तिला वर्गाबाहेर काढलं.

त्याच महिन्यात माझ्या जुन्या कंपनीने 'ओसाड बंदर'ची नवी आवृत्ती जाहीर केली. वीस वर्षांपूर्वीची ही गेम. एका बंदरावरची सगळी माणसं नाहीशी झालेली असतात आणि खेळणारा घरोघर फिरून ती कुठे गेली ते शोधतो. त्यातल्या भिंती, जिने आणि दारं माझी. नव्या आवृत्तीची किंमत जुनीच्या तिप्पट, आणि ती का, ते जाहिरातीत ठसठशीत लिहिलेलं होतं: 'प्रत्येक चित्र शून्यापासून नव्याने काढलेलं.' वर आणखी एक कौतुक म्हणजे कंपनी आमच्या संस्थेला वीस संगणक भेट देणार होती. कंपनीचे धाकटे मालक स्वतः येऊन डिजिटल चोरीवर भाषण करणार होते. प्राचार्यांनी पाहुण्यांची ओळख करून द्यायचं काम मला दिलं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू?

घरी जेवताना मी जाहिरातीची फिल्म लावली. आमचे हे सुतार. नाटकांचे सेट बनवतात, दारं-खिडक्यांत आयुष्य गेलंय. घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "जरा मागे घे. त्या हिरव्या दारापाशी थांब."

मी थांबवलं. ते हसत सुटले.

"अगं, हे तुझंच दार!"

दार माझंच होतं. वीस वर्षांपूर्वी घाईघाईत हिरवं दार रंगवताना मी कडी आणि बिजागऱ्या एकाच बाजूला काढल्या होत्या. असं दार जगात कुठे उघडत नाही. गेममध्ये मात्र उघडतं, कारण तिथे दार म्हणजे नुसतं फळीवर चिकटवलेलं चित्र. फिरवायचं काम प्रोग्रॅम करतो. माझी चूक यांनी पाहिली तोवर गेम बाजारात गेली होती आणि ते एक दार सबंध बंदरात तीनशे ठिकाणी बसलं होतं. पुढचं वर्षभर हे मला लोकांसमोर "आमच्या सुतारीणबाई" म्हणत होते.

"शून्यापासून नव्याने म्हणे!" ते म्हणाले. "आता बिजागरीचे स्क्रूसुद्धा मोजता येतात, इतकं लख्ख केलंय. पण बाजू तीच. दुसऱ्या माणसाने नव्याने काढलं असतं तर त्याने त्याची स्वतःची चूक केली असती, तुझी कशाला करेल?"

मग मी पडद्याला डोळे लावून बसले. जिन्याच्या कठड्याला पडलेली भेग माझी. कौलांखालची ओल माझी. माझी चित्रं यंत्रात घालून मोठी आणि धारदार केली होती, बस्स. आणि कंपनीने जाहीर केलेल्या कलाकारांच्या यादीत एकोणीस नावं होती, त्यात माझं नव्हतं.

हक्कासाठी मी भांडत नव्हते, हे आधीच सांगते. नोकरीत काढलेलं चित्र कंपनीचं, असं मी सही करून दिलं होतं, आणि सही केली म्हणजे केली. मला पैसाही नको होता. मला त्या यादीत माझं नाव हवं होतं. तसं पत्र मी कंपनीला लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं: नव्या आवृत्तीतलं सर्व काम सध्याच्या चमूने केलेलं असल्याने जुन्या कर्मचाऱ्यांची नावं देण्याचा प्रश्नच येत नाही. कळावे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता पुरावा हवा. मूळ चित्रं कंपनीच्या ताब्यात. पण माझ्याकडे गेमची डबीबंद प्रत होती, मी स्वतः दुकानातून घेतलेली. डिस्क घातली. पडद्यावर आलं, 'परवाना तपासत आहोत', आणि एक चक्र फिरायला लागलं. अर्धा तास फिरलं. तो परवाना तपासणारा सर्व्हर कंपनीने केव्हाच बंद करून टाकला होता. म्हणजे माझी इमानदार प्रत मुकी झाली होती, आणि ती कधीही बोलणार नव्हती. कुलपाच्या नावाने इतकी वर्षं मिरवलेल्या बाईला स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी झिपरीला गाठलं.

"तुझ्याकडे जुनं 'ओसाड बंदर' आहे?"

तिने मागे-पुढे पाहिलं. "मॅडम, हा सापळा आहे का?"

"नाही गं. मला हवंय."

"तुम्हाला? क्रॅक केलेलं?" तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिच्याकडे परीक्षेत कॉपी मागतेय. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. नुसती म्हणाली, "सर्व्हर बंद झाला तेव्हा कुणीतरी कुलूप काढून ठेवलंय. नाहीतर ही गेम आता कुठेच चालली नसती." आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला.

घरी गेम लागली. हिरवं दार होतं, कडी-बिजागरीसकट. मी सरळ शेवटाकडे गेले. काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली आणि चौथं नाव माझं. कुलूप फोडणाऱ्याने एकाही नावाला हात लावला नव्हता. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्यांनी माझं नाव जपलं, आणि ज्यांच्या बाजूने घसा फोडून भांडले त्यांनी पुसलं. मी रडले. त्यात लाज कसली?

समारंभ सकाळी अकराला. सभागृह गच्च. धाकटे मालक मोठे गोडबोले. चोरीमुळे कलाकारांच्या पोटावर पाय येतो, असं ते कळवळून म्हणाले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी नव्या बंदराची फिल्म दाखवली. दिवे लागले तशी मी उठून माईक घेतला. पाहुण्यांची ओळख मीच करून दिली होती, त्यामुळे माझ्या हातातला माईक काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

"साहेबांच्या भाषणातला शब्द न् शब्द मला पटला," मी म्हणाले. "कलाकाराचं काम चोरू नये. म्हणून आता मी एक चित्र दाखवते."

पेन ड्राइव्ह लावला. जुनं दार मोठ्या पडद्यावर आलं. शेजारी मी नव्या जाहिरातीतलं दार ठेवलं.

"यात काय चुकलंय ते कोण सांगेल?"

मागच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, "कडी आणि बिजागरी एकाच बाजूला!" सभागृहात हशा उसळला.

"बरोबर. ही चूक वीस वर्षांपूर्वी मी केली. आता कुणीतरी शून्यापासून नव्याने तीच चूक केली आहे, तीनशे दारांवर. तिप्पट किंमत याचीच लावलीय."

धाकटे मालक उभे राहिले. ते अजून हसतच होते. "मॅडम, तुम्ही आत्ता जी गेम लावलीत ती पायरेटेड आहे. कल्पना आहे ना?"

हशा थांबला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"आहे," मी म्हणाले. "चोरीचीच आहे. विकत घेतलेली तुम्ही बंद पाडलीत. लिहून घ्या, मी लपवत नाही. आता तुम्हीही लपवू नका."

भाषण तिथेच संपलं, चहा मात्र झाला. चहानंतर मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. तिथे धाकटे मालक एकदम घरच्यासारखं बोलायला लागले.

"मॅडम, तुम्ही आमच्याच. वाद कशाला? पुढच्या अपडेटमध्ये तुमचं नाव घालतो. अगदी वर. फक्त ही प्रत तुम्हाला कुणी दिली तेवढं लिहून द्या. तुम्ही काही असल्या साइटवर जाणाऱ्या नाही. कुणी विद्यार्थीच असणार, हो ना?"

खिडकीतून बाहेरचा व्हरांडा दिसत होता. झिपरी भिंतीला टेकून उभी होती, नखं खात. पोर पळूनही गेली नव्हती.

मोह झाला. झालाच. नाव अगदी वर, आणि त्यासाठी एक ओळ लिहायची. पण मग ते नाव मला बघवलं असतं का? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातात!

"प्रत मीच आणली," मी म्हणाले.

"कुठून?"

"तुम्ही माझं दार जिथून आणलंत तिथूनच. फुकट, न विचारता."

हसू गेलं. प्राचार्य मधे पडले. "अहो बाई, निदान एक माफीपत्र तरी द्या. संस्थेचे वीस संगणक अडकलेत."

"सर, माफी मागायला मी तयार आहे. आधी त्यांनी मागावी. वयाने मी मोठी आहे, पहिला मान माझा."

संगणक आले नाहीत. स्टाफरूममध्ये दोन जण माझ्याशी बोलेनासे झाले. एकाने तर मला ऐकू जाईल अशा बेताने 'हात दाखवून अवलक्षण' म्हटलं. पुढच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे वर्गातले संगणक तपासले आणि झिपरीच्या संगणकातून चोरीचे दोन प्रोग्रॅम उडवले. "मॅडम, तुम्हीसुद्धा?" ती किंचाळली. मी म्हटलं, हे दोन्ही बनवणारा एकटा माणूस आहे, नाव लिहितो, किंमत बेताची ठेवतो आणि अजून फोन उचलतो. त्याचं चोरायचं नाही. ती बडबडत बसली, पण तिने पुन्हा टाकले नाहीत.

तीन आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली. मी घरी होते, हे दारात बसून फळी रंधत होते. आठ पानं. मी उभ्यानेच वाचायला लागले आणि तिसऱ्या पानावर खाली बसले.

"काय झालं गं?" रंधा टाकून हे उठले. "किती मागतायत?"

"ते नंतर. हे ऐका." मी मोठ्याने वाचलं, "'आपण सदर खेळाच्या मूळ चित्रकार असून त्यातील भिंती, जिने व दरवाजे आपण स्वहस्ते रेखाटलेले आहेत. सबब, त्यावरील आमच्या अशिलांच्या हक्कांची आपणांस पूर्ण जाणीव होती. सदर चित्रेच नव्या आवृत्तीत वापरलेली असल्याने आपल्या कृत्यामुळे नव्या आवृत्तीच्या विक्रीस थेट हानी पोहोचली आहे.'"

"पुन्हा वाच," हे म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. माझा गुन्हा मोठा दिसावा म्हणून वकिलाने सगळं खरं लिहून टाकलं होतं. माणूस हुशार, फक्त आपल्या अशिलाची जाहिरात त्याने वाचली नसावी. खाली कंपनीचा शिक्का होता, धाकट्या मालकांची सही होती, आणि वर माझं पूर्ण नाव होतं.

"आता?" हे म्हणाले. "वकील बघायला हवा."

"बघू ना. उद्या बघू."

नोटिशीची दुसरी प्रत पोच म्हणून सही करून परत पाठवायची होती. मी यांच्या कानामागची पेन्सिल नको म्हटली आणि शाईचं पेन शोधून आणलं. पोचेच्या जागेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मजकूर काळजीपूर्वक वाचला. मूळ चित्रकार मीच आणि नव्या आवृत्तीत चित्रंही माझीच, हे कंपनीचं म्हणणं मला पूर्णपणे मान्य आहे.' आणि खाली सही ठोकली.