बरणीतल्या समुद्री कोळ्याची कैफियत

मी समुद्री कोळी बोलतोय. बरणीतून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येईल. समुद्रापासून इतक्या लांब, रायपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात माझा मुक्काम आहे.

माझं शरीर म्हणजे नुसते पाय. धड एवढं बारीक, की पोटसुद्धा पायांत शिरलेलं. आमच्यात पोरं सांभाळायचं काम बापाचं. पुढे दोन इवलेसे जादा पाय असतात, त्यांत अंड्यांचे गोळे धरून आम्ही हिंडतो. मी जाळ्यात सापडलो तेव्हाही माझ्या कुशीत अंडी होती.

विशाखापट्टणमला विद्यार्थ्यांची सहल घेऊन आलेल्या दत्तोपंत सरांनी मला जाळ्यातल्या कचऱ्यातून उचललं. कुजू नये म्हणून स्पिरिटच्या बाटलीत घालून, रेल्वेत मांडीवर सांभाळत रायपूरला आणलं आणि खेकड्यांशेजारी ठेवलं. मग कुणीतरी म्हणालं, हा खेकड्यांतला नाही. मी विंचवांच्या फळीवर गेलो. तिथूनही उठवलं. माझ्या प्रजातीचं नाव तर विचारूच नका. थंड समुद्रातल्या नमुन्यावरून एका परदेशी पंडिताने ते ठेवलं, दुसऱ्याने त्या प्रजातीच्या दोन केल्या, तिसऱ्याने त्या पुन्हा एक केल्या. दर वेळी माझ्या जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटली. भांडणं त्यांची, चिकटपट्टी माझ्या नशिबी.

पण या प्रजातीची वस्ती कुठे कुठे आहे, याचा नकाशाही हे लोक काढतात. त्यावरचे ठिपके जवळजवळ सगळे थंड पाण्यातले. बंगालच्या उपसागरात एकच ठिपका, आणि तो माझ्या जिवावर पडलेला. खाली दत्तोपंतांचं नाव.

सर गेले. त्यांच्या विद्यार्थिनी पद्मजाबाई इथेच शिकवायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे आलो. चौबे कॉलोनीतून रिक्षाने येतात, पर्स ठेवायच्या आधी माझ्या बरणीतलं स्पिरिट कुठवर आहे ते बघतात. सरांना ना मूल ना बाळ. त्यांच्या मागे जगात राहिलेली खूण म्हणजे तो ठिपका, असं बाई मानतात. माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

मग नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं, फटाके वाजले, आणि आमचं स्पिरिट आटलं. स्पिरिट पडलं दारूच्या खात्यातलं, त्याला परवाना लागतो. जुन्या राज्याचा परवाना संपला होता, नव्याचं ऑफिस अजून खुर्च्या मांडत होतं. बरणी अर्ध्यावर आली. माझे वरचे गुडघे उघडे पडले.

त्यातच बाईंची जुनी विद्यार्थिनी गंधाली हिचा फोन आला. ती आता कोचीला समुद्री जीवांवर काम करते.

"मॅडम, समुद्री जीवों की नई लिस्ट बन रही है. स्पेसिमेन देखे बिना वो डॉट नहीं रखेंगे."

"असं कसं नाही ठेवणार? तू ये, मी दाखवते तुले. अंड्याच्या पायाचे सांधे मोजले की समजते कोणती प्रजाती ते."

गंधालीने यायचं कबूल केलं. बाई तेवढ्यात बहिणीच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या आणि मागे विभागात तपासणी ठरली.

विभागप्रमुख शालिग्राम यांनी कपाट उघडलं. माणूस वाईट नाही, पण पाहुणा यायचा म्हटलं की त्यांना सगळं भरलेलं लागतं: हजेरी, फुलदाणी, बरण्या.

"हे अर्धं-अर्धं काहून दिसून राहिलं? साहेब काय म्हणन?" असं पुटपुटत त्यांनी नळाचं पाणी आणून प्रत्येक बरणी गळ्यापर्यंत भरली. मला ओरडता येत असतं तर कपाटाच्या काचा फुटल्या असत्या.

साहेबांनी दारातूनच मान हलवली आणि ते चहाला गेले.

त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी सुरू झालं आहे. पाणी आधी दुधाळ झालं. मग सांध्यांतून एक मऊपणा चढू लागला. शेजारचा बेडूक फुगला, त्याच्या पोटाची कातडी सुटून बरणीत तरंगते आहे. अंड्यांचा गोळा माझ्या पकडीतून सैल होतोय. मला भीती वाटते. मेलेल्याला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल; पण माझं मरण अजून पूर्ण झालेलं नाही, हे मला आत्ता कळतंय.

आज बाई परतल्या. सोबत कॅमेरा घेऊन गंधाली. माझी काठोकाठ बरणी पाहून बाईंचा चेहरा उजळला.

"शालिग्राम भैया, स्पिरिट भेटलं का जी?"

शालिग्राम यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "बरण्या भरून ठेवल्या मॅडम. साहेब खूश होऊन गेले."

"मॅडम, मैं निकालूँ?" गंधालीने विचारलं.

"थांब पोरी. सरांचा आहे तो, मीच काढते."

बाईंनी बरणी छातीशी धरून झाकण फिरवलं. स्पिरिटचा झणका यायला हवा होता. वर आली ती कुबट घाण. बाई थबकल्या. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली.

"भैया, यात काय टाकलं तुम्ही?"

"पानीच तं टाकलं मॅडम. साफ पानी."

बाई बरणी उजेडात फिरवून फिरवून बघताहेत. बरणीतलं पाणी हिंदकळतं आहे. एक पाय सुटला. दुसराही निघालाच आहे.

बाई, मागाहून रडा, शालिग्रामांना हवं ते बोला. आधी मला खाली ठेवा.