डोमकळी

"भाभी, हाताकडे नका पाहू. समोर पाहा," कॉम्प्युटरच्या दुकानातला साजिद तिसऱ्यांदा म्हणाला.

ललितानं पेन उचललं आणि पुन्हा टेकवलं. काळ्या पाटीवर काहीच उमटत नव्हतं; जे उमटायचं ते समोरच्या मॉनिटरवर. तिथं तिनं काढलेलं कपाशीचं पान चपलेसारखं दिसत होतं.

"खाली गिरवते अन् वर दिसते," नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सुंदराबाई म्हणाल्या. "दुकानात येऊन आंधळी कोशिंबीर खेळून राहिली माही सून."

साजिदला हसू आवरलं नाही. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होते, मावशी. हात बसाले महिना लागते. नाहीतर हा स्क्रीनवाला घ्या, भाभी. जिथं काढता तिथंच दिसते."

ललितानं त्या चकचकीत पाटीकडे पाहायचं टाळलं. ती परवडणारी नव्हती, आणि महिनाही हाताशी नव्हता. अकोल्यातल्या एका कीटक प्रयोगशाळेसाठी ती चार वर्षं शाईनं किडींची चित्रं काढत होती. यंदा बोंडअळीनं कपाशी पोखरली. शेतकऱ्यांसाठीची पत्रकं तातडीनं निघायची होती, आणि अमरावतीच्या छापखान्यानं कळवलं होतं: कागद पाठवू नका, चित्र कॉम्प्युटरवरच काढलेलं हवं. सोमवारपर्यंत दिलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

सासूच्या मांडीवरच्या पायलनं भोकाड पसरलं.

"भूक लागली तिले. घे," सुंदराबाई म्हणाल्या.

साजिद काउंटरपलीकडे गेला आणि पाठ करून खोकी लावू लागला. ललितानं लेकीला डाव्या हातावर घेतलं, ओढणी पुढे ओढली. पायल पिऊ लागली. ओढणीच्या घोळात पाटी पार झाकली गेली. आता उजवा हात दिसायचं कारणच नव्हतं.

तिनं समोर पाहिलं. पेन सरकलं.

रेघ सरळ गेली. तिला क्षणभर सूक्ष्मदर्शकाच्या नळीचा गारवा डोळ्याला लागल्यासारखं वाटलं. तिथं तरी ती हाताकडे कुठं पाहत असे? डोळा भिंगाला, आणि कागदावर हात एकटाच चालायचा. तिनं श्वास सोडला. देठ आला, मिटलेल्या पाकळ्यांचा पीळ आला, पाकळ्यांखालच्या हिरव्या पानांच्या कडेचे बारीक दातेरे आले. पायलच्या गिळण्याच्या आवाजाशिवाय दुकानात काही ऐकू येत नव्हतं.

साजिद वळला आणि हातातलं खोकं तसंच धरून उभा राहिला. "क्या बात है!"

सुंदराबाई मॉनिटरजवळ आल्या. "हे तं पऱ्हाटीचं फूल होय."

"कपाशीचंच, पण फूल नाही आई, डोमकळी. अळी आत बसून पाकळ्या जाळ्यानं बांधून टाकते, म्हणून ते उमलत नाही. दिसली की तोडून नष्ट करायची."

सुंदराबाई पडद्याकडे आणखी वाकल्या.

"आपल्या वावरात लय होते असे," त्या म्हणाल्या. "मले वाटे, उद्या उमलन."

पायलच्या पाठीवरून ललिताचा अंगठा फिरत राहिला.

"मग भाभी, कोणता पॅक करू?" साजिदनं हळूच विचारलं.

"हाच. साधा."

"थांब ना बाप्पा. काय घाई आहे तुले?" सुंदराबाईंनी त्याला हातानंच थोपवलं आणि चित्राशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवलं. "ललिता, इथं चांगलं फूल काढ. उमललेलं. दोन्ही बाजूबाजूले दिसले तं माह्यासारखीले बी समजन."

ललितानं पेन तिकडे नेलं. पहिली पाकळी आली.

"एवढी टोकदार नसते व."

ललितानं एक बटण दाबलं. पाकळी नाहीशी झाली. सुंदराबाई दचकल्या, मग त्यांनी पायानं स्टूल ओढलं आणि सुनेच्या खांद्याला खांदा लावून बसल्या.

"हं. आता गोल घे," त्या म्हणाल्या. "अन् रंग पिवळसर दे. लय पिवळा नाही."